डाएट चार्ट देण्याआधी



दीक्षान्त समारंभ म्हटला की तैत्तिरीय उपनिषदाचं नाव निघतंच. घरी परतणाऱ्या शिष्याला केलेला उपदेश त्यातल्या शीक्षावल्लीत आहे. तुम्ही आहारशास्त्र शिकला आहात, म्हणून त्याच उपनिषदातली भृगुवल्लीही कधीतरी उघडून बघा. अन्नाची निंदा करू नये, असं तिथे व्रत म्हणून सांगितलंय. आणि आपल्या ओपीडीत दिवसभर काय चालतं? भात बंद, बटाटा बंद, साखर म्हणजे विष, मैद्याचं तर नावही नको. मधुमेहाच्या पेशंटला चार गोष्टी कमी करायला सांगाव्या लागतात, ते मला मान्य आहे. पण एक पेशंट असा येतो की त्याच्यापुढे ही भाषा काढली तर आपण त्याच्या आजाराची बाजू घेतो. आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

हा पेशंट ओळखायचा कसा? एक उदाहरण देते. ते कुणा एकीचं नाही, अनेकजणींचं मिळून झालेलं आहे. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता, वर जॅकेट. बोलते आई. "मॅडम, हिची पाळी येत नाहीये. गायनॅकनी तुमच्याकडे जायला सांगितलं. खात नाही असं नाही हो, सगळं हेल्दी खाते. आणि स्वयंपाकाची इतकी आवड! रविवारी आम्हा सगळ्यांना केक करून घालते, रात्री झोपेपर्यंत रेसिपीचेच व्हिडिओ चालू असतात." केक ती स्वतः खाते का, हे आई सांगत नाही; तिच्या ते लक्षातच आलेलं नसतं. मुलीचा हात हातात घ्या, गार लागेल. नाडी मंद असेल. दंडावर बारीक लव दिसेल. आणि तुम्ही पोळी हा शब्द उच्चारलात की त्या पोळीत किती कॅलरी, हे ती तुमच्याआधी सांगेल. कदाचित तुमच्यापेक्षा बरोबर सांगेल.

आता या स्वयंपाकाच्या आवडीकडे जरा थांबून बघू, कारण घरच्यांना ती आवड वाटते आणि बऱ्याचदा आपल्यालाही. 1944 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या स्टेडियमखालच्या प्रयोगशाळेत अँसेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धाने उपाशी ठेवलेल्या युरोपला पुन्हा खायला कसं घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेले 36 निरोगी, मनाने खंबीर तरुण त्यांनी निवडले. त्यांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं: बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, दिवसातून दोनदा. सोबत आठवड्याला 35 किलोमीटर चालणं. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने उतरलं, ते अपेक्षितच होतं. डोक्याचं जे झालं ते कुणाच्या हिशोबात नव्हतं. ही मुलं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली. रात्ररात्र रेसिपी वाचू लागली. जेवण जास्त वाटावं म्हणून त्यात पाणी घालायची, ते तासभर पुरवायची, ताट चाटायची. च्युइंग गम इतकं चघळू लागली की त्यावर मर्यादा घालावी लागली. माणसं चिडकी झाली, एकटी बसू लागली, मैत्रिणीही नकोशा झाल्या. पुढे खायला मिळू लागल्यावर काहीजण पोट फुटेस्तोवर जेवत आणि तरी भूक राहिली म्हणत. कीज यांचे दोन खंड 1950 साली आले. ते ग्रंथालयात असतील तर निरोप घ्यायच्या आधी चाळून घ्या.

यात दोन गोष्टी आहेत. त्या मुलीचा हट्टीपणा, तिचं चिडणं, ताटातले घास मोजत बसणं, सगळ्यांना केक घालून स्वतः काठावर उभं राहणं, यातलं बरंचसं तिचा स्वभाव नाही, ती उपासमार आहे. उपाशी मेंदूला तर्क पटवता येत नाही. आधी त्याला जेवू घालावं लागतं. दुसरी गोष्ट थोडी बोचणारी आहे. कीज यांनी ज्याला उपासमार म्हटलं तो आहार सुमारे 1600 कॅलरींचा होता. तरुण, उंचेपुरे, रोज सरासरी पाच किलोमीटर चालणारे पुरुष होते, हे खरं. तेव्हा आकडा जसाच्या तसा कुणाला लावू नये. तरी आपल्या दवाखान्यांतून छापील 1200 कॅलरींचा चार्ट किती सहज हातात पडतो, याचा विचार करा.

मग चार्ट नाही तर काय? वेळ. सुरुवातीला काय खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं याला महत्त्व द्या. ऑक्सफर्डच्या क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी बसवलेल्या उपचारपद्धतीत पहिली पायरी हीच आहे: तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं खाणं, आणि चार तासांपेक्षा मोठी फट नाही. भूक लागो न लागो, घड्याळ सांगेल तेव्हा खायचं. भुकेवर विश्वास ठेव, शरीराचं ऐक, असले सल्ले आजकाल फार मिळतात. बऱ्या झालेल्या माणसाला ते ठीक आहेत. या मुलीची भूक-तृप्तीची घंटाच बिघडलेली असते, ती दुरुस्त व्हायला महिने लागतात. तोवर पायाला प्लॅस्टर असावं तसं हे वेळापत्रक.

नोंदवहीही द्या, पण कॅलरीचा रकाना नसलेली. वेळ, पदार्थ, कुठे बसून, कुणाबरोबर, आणि खाण्याआधी-नंतर कसं वाटलं. "डब्यातली पोळी-भाजी, कॉलेजच्या जिन्यावर, एकटी, नंतर भीती वाटली" अशी एक ओळ दहा रक्ततपासण्यांपेक्षा जास्त सांगते. जे पदार्थ तिने टाकले आहेत त्यांची भीतीप्रमाणे उतरंड लावून घ्या. आपल्याकडे वरच्या टोकाला बहुतेक वेळा वरणभातावरचं तूप असतं. तिथून सुरुवात करू नका. उपम्यातल्या शेंगदाण्यांपासून करा.

आता दुसरी. ही पस्तिशीतली, नोकरी करणारी, वजन बेताचं किंवा जास्तच. हिला पाहून कुणाला काही शंका येत नाही, म्हणून हिची मला जास्त काळजी वाटते. सोमवारी डाएट सुरू होतं. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी. संध्याकाळी सातला लोकलमधून उतरेपर्यंत ती कीज यांच्या मुलांपैकी एक झालेली असते. रात्री सगळे झोपल्यावर फ्रीजपुढे उभ्याउभ्या खाणं, मग लाज, मग बाथरूममध्ये जाऊन ओकणं किंवा दुसऱ्या दिवशी कडक उपास. लंडनचे जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये याला बुलिमिया नर्व्होसा म्हटलं. ओकारी न काढता नुसतंच अनावर खाणं, हा वेगळा आजार म्हणून अमेरिकन वर्गीकरणात यायला 2013 उजाडलं. बोटांच्या पेरांवर घट्टे, गालफडांपाशी सूज, दातांचं एनॅमल झिजलेलं: ही लक्षणं तुमच्याआधी दंतवैद्याला दिसतात, तेव्हा गावातल्या दंतवैद्याशी ओळख ठेवा. ओकल्यावर लगेच ब्रश करू नकोस, चूळ भर, एवढं तरी तिला सांगा. तेवढ्याने तिला कळतं की समोरच्या बाईला सगळं माहीत आहे आणि ती ओरडत नाहीये.

हिला संकल्पाची कमतरता आहे असं घरी सगळ्यांचं मत असतं, तिचं स्वतःचंही. मग 'दिवसातून दोनदाच जेवा' ऐकलं की ती तेही करून बघते. ते कुणाला मानवत असेल, त्यांच्याशी माझं भांडण नाही. जिला अनावर खाण्याचा त्रास आहे तिच्यासाठी मोठी फट म्हणजे रात्रीच्या फ्रीजचं आमंत्रण. रात्रीचं खाणं थांबवायचं तर दुपारचं वाढवावं लागतं, आणि हे ऐकल्यावर ती तुमच्याकडे वेड्यासारखी बघेल.

आपल्याकडे उपासाची सोयही आहे. चतुर्थी, एकादशी, सोमवार, श्रावण, नवरात्र. आजाराला लपायला याहून चांगली जागा नाही, कारण घरात कौतुकच होतं. एकादशी दुप्पट खाशी म्हणून आपण हसतो. तिच्या बाबतीत ते हसण्यावारी नेऊ नका. पण श्रद्धेवरही तुटून पडू नका. साधे प्रश्न विचारा. हा उपास आजारी पडायच्या आधी करत होतीस का? साबुदाण्याची खिचडी आणि दही खातेस, की नुसत्या पाण्यावर? घरातलं दुसरं कुणी हा उपास करतं का? गरज पडली तर आजीला बोलवा. आजाऱ्याने उपास करू नये, हे आजीच्या तोंडून आलं की ते तुमच्या पदवीपेक्षा लवकर पोचतं.

हे सगळे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याकडे प्रश्न कुपोषणाचा, असं तुम्हाला कुणीतरी सुनावेलच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे तुम्हाला पाठ आहे. पण त्यामुळेच आपल्याकडे हा आजार निसटतो. मुलगी वाळली तर 'अंगानेच बारीक', चक्कर आली तर 'रक्त कमी', आणि लोहाच्या गोळ्या. शिवाय आपल्याकडे येणारी प्रत्येकजण 'मला जाड व्हायचं नाही' म्हणेलच असं नाही. 'पोट गच्च होतं, जेवण जातच नाही' म्हणत ती पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहते. हाँगकाँगच्या सिंग ली यांनी तिथल्या रुग्णांमध्ये हेच पाहून या आजाराच्या पाश्चात्त्य व्याख्येवर प्रश्न उभा केला होता. आणि संस्कृती आपल्याला वाचवेल या भ्रमात राहू नका. फिजीत भरलेलं शरीर सुंदर मानत. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. ॲन बेकर यांनी तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं तर वजनासाठी ओकारी काढणारी एकही नव्हती. 1998 मध्ये हे प्रमाण 11.3 टक्के होतं. आपल्या मुलींच्या हातात काय आहे, ते सांगायला नको. मुलांच्याही. जिममध्ये 'कटिंग' करणारा, घरचं जेवण सोडून उकडलेलं चिकन आणि पावडरवर आलेला, लग्नाच्या पंगतीतून पळणारा मुलगा आला तर त्याच्या शिस्तीचं कौतुक करण्याआधी त्याची झोप विचारा.

कौतुकावरून आठवलं. 'बारीक झालीस, छान दिसतेस' हे वाक्य हळदीकुंकवात चालत असेल. तुमच्या खोलीत नको. वजन घ्यावं लागतंच, पण तिला काट्याकडे पाठ करून उभं करता येतं आणि आकडा न बोलता लिहिता येतो. आईवडिलांना दोषी धरू नका. लंडनच्या मॉडस्ले रुग्णालयात आकाराला आलेल्या पद्धतीत किशोरवयीन मुलांच्या जेवणाची सूत्रं आईवडिलांच्याच हाती देतात. आपल्या भरल्या घरांना ते जमण्यासारखं आहे, फक्त ताटावर शेरे मारणाऱ्या आत्याला आठवडाभर दूर ठेवा.

काही गोष्टी मात्र एकट्याने करू नका. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं, हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या युद्धकैद्यांत हे पाहिलं गेलं. तेव्हा खूप खालावलेल्या रुग्णाचं पुन्हा जेवण रुग्णालयातच सुरू व्हावं: थायमिन आधी, कॅलरी पायरीपायरीने, फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या तपासण्या रोज. टाइप एक मधुमेहाची मुलगी वजनासाठी इन्सुलिन चुकवते आहे अशी नुसती शंका आली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. जिवाचं काही करून घेण्याची भाषा आली तर मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-अपरात्री टेली-मानसचा 14416 हा क्रमांक पेशंटच्या फाइलवर लिहून ठेवा. आपण मानसोपचार करत नाही आणि मानसोपचारतज्ज्ञ जेवण बसवत नाहीत. दोघांनी एकमेकांना फोन करायचा असतो.

2021 च्या कायद्याने पोषणतज्ज्ञ हे आरोग्यसेवेतले अधिकृत व्यावसायिक झाले. त्याचा उपयोग पहिल्या नोकरीच्या मुलाखतीतच करा. आहारतज्ज्ञाला पेशंटमागे दहा मिनिटं आणि छापील चार्टचा गठ्ठा देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. पगाराचं बोलून झालं की या पेशंटच्या पहिल्या भेटीसाठी पाऊण तास आणि दार लागणारी खोली मागून घ्या. 'बाकीच्यांना तर एवढा वेळ लागत नाही' असं म्हणतील. बाकीच्यांना चार्ट द्यायचा असतो, असं त्यांना सांगा.