सभेची वेळ कुणाच्या सोयीची?

गावोगावी वसंत व्याख्यानमाला सुरू होतात, त्याच सुमारास गाळप हंगाम आटोपून ऊसतोड टोळ्या बीडकडच्या आपापल्या गावी परततात. पाच-सहा महिने गैरहजर असलेली मुलं वर्गात दिसू लागतात आणि शिक्षकांच्या खोलीत ठरलेलं वाक्य उमटतं : 'या पालकांना शिक्षणाचं काही पडलेलंच नाही.' श्रोतेहो, आजचा विषय हे वाक्यच आहे.

तोडणीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची. एकाने दिवस पाडला की खाडा लागतो, तो अंगावरच्या कर्जात भर घालतो. मजूर नाक्यावर उभा राहणारा बिगारी आणि चार घरची धुणीभांडी करणारी बाई यांना मुकादम नसतो, पण बुडालेला रोज त्यांनाही परवडत नाही. पालकसभा मात्र आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी अकराला. हक्काची रजा असलेल्यांनी हक्काची रजा असलेल्यांसाठी ठरवलेली वेळ ही!

हीच अडचण उलट बाजूनेही सोडवता येते. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, तेव्हा गरीब वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत पोचत नव्हती. आईबापांना शहाणपण शिकवत बसण्याऐवजी या दोघींनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं हेही तिथलं काम. पुढे कोसबादला वारली मुलं दिवसभर गुरांमागे असतात हे दिसलं, तेव्हा वर्ग कुरणात भरू लागले. धाकटं भावंड कडेवर असलेली मुलगी शाळेत यावी म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणले. घराची अडचण हाच शाळेच्या रचनेचा पाया ठरला. एवढं करायला कुठलाही शासन निर्णय लागला नव्हता.

नंतर वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर विधायक संसद या संस्थेने अशाच, मुलं असतील तिथे भरणाऱ्या भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर कुटुंबं राहतात ती झोपडी.

आता कायदाही पालकांच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश आईवडील किंवा पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि दुर्बल, वंचित घरांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. मुलाची हजेरी आणि प्रगती पालकांना नियमित भेटून सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्यच त्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी इतिवृत्ताची वही घरपोच फिरते आणि सदस्य आई दारातच, पिठाच्या हाताने, सही करून मोकळी होते. ठराव कसला, हे तिला कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही.

भाषेचं काय? मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, ही मोठीच गोष्ट. पण मराठी शाळेतल्या लमाण किंवा पारधी मुलाच्या घरी जाते ती सूचना 'उपरोक्त विषयान्वये' या थाटाची. ती मराठी घरातल्या आजोबांनाही अर्धीच कळेल. हल्ली ती व्हॉट्सअॅपवर येते. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात, आणि बाप कामावर.

खरं तर साधनं हाताशी आहेत. टोळ्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे निघतात, हे साऱ्या गावाला ठाऊक असतं. समितीची बैठक त्याआधी, रात्री जेवणं उरकल्यावर, तांड्यावर किंवा देवळापुढे घेता येते. मूल हंगामी वसतिगृहाच्या सोयीवर गावातच राहणार असेल, तर सहा महिने खरा पालक म्हणजे त्याची आजी. तिचं नाव हजेरीपटाशेजारी हवं. मूल आईबापांबरोबर जाणार असेल, तर कोणत्या कारखान्याच्या भागात, कोणत्या मुकादमाच्या टोळीत आणि तिथल्या जवळच्या शाळेचा फोन कोणता, एवढ्या तीन नोंदी त्याच बैठकीत सतरंजीवर बसून लिहून घेता येतात.