चौकातल्या विटांखालचे पाणी

सॅन फ्रान्सिस्कोच्या कितीतरी चौकांत डांबरी रस्त्यावर विटांचे एक मोठे वर्तुळ बसवलेले दिसते. मधोमध लोखंडी झाकण असते. झाकणाखाली हौद आहे आणि अशा बहुतेक हौदांत पावणेतीन लाख लिटरांहून अधिक पाणी मावते. हे पाणी घरोघरच्या नळांना जात नाही; ते फक्त आगीसाठी राखलेले असते. आगीसाठी अशी पाण्याची सोय व्हावी म्हणून वर्षानुवर्षे झगडलेले गृहस्थ ती पाहायला उरले नाहीत. त्यांचे नाव डेनिस सुलिव्हन.

१८४९ ते १८५१ या काळात हे लाकडी शहर पुन्हा पुन्हा जळाले. त्या धसक्याने रस्त्यांखाली पहिले हौद खणले गेले. पुढे नळाचे पाणी आले आणि हौदांकडे कोणी फारसे पाहीनासे झाले. १८९३ साली सुलिव्हन अग्निशमन दलाचे प्रमुख झाले, तेव्हा शहर नळांवरच विसंबून होते. हे पाणी एका खाजगी कंपनीच्या दक्षिणेकडील तलावांतून येई आणि त्या वाटेतच जमिनीतली मोठी भेग, सॅन अँड्रियास, पसरलेली होती. सुलिव्हन यांचे मागणे साधे होते: जुने हौद दुरुस्त करा आणि समुद्राचे पाणी दाबाने खेचून आणणारी वेगळी नळव्यवस्था उभारा. पैसे मंजूर झाले नाहीत. १९०५ साली विमा कंपन्यांच्या संघटनेनेही या शहराला आगीचा मोठा धोका असल्याचा इशारा लेखी दिला होता.

त्या काळी बंबाला घोडे जुंपत. घोड्यांचा साज छताला टांगलेला असे. घंटा झाली की घोडे आपणहून जागेवर येऊन उभे राहत, साज वरून त्यांच्या पाठीवर उतरे आणि बंब रस्त्याला लागे. बंबाच्या बॉयलरमध्ये वाफ धरे, वाफेवर पंप चाले. सगळे खरे, पण पंप पाणी ओढणार कुठून? सुलिव्हन यांना छळणारा प्रश्न हाच होता. त्यांचे घरही बंबखान्यातच होते. बुश स्ट्रीटवरील इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते पत्नीसह राहत.

१७ एप्रिल १९०६ च्या रात्री शहराच्या उत्तर भागात डबाबंद खाद्यपदार्थांच्या एका कारखान्याच्या गोदामाला आग लागली. ती विझवून सुलिव्हन उशिरा घरी परतले. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी धरणीकंप झाला. शेजारच्या कॅलिफोर्निया हॉटेलच्या माथ्यावरचे विटांचे बांधकाम बंबखान्यावर कोसळले आणि मजल्यांना भगदाड पाडून खाली गेले. पत्नीच्या खोलीकडे धावताना धुळीच्या लोटात सुलिव्हन यांना ते भगदाड दिसले नाही, असे सांगतात. ते थेट तळमजल्यावर पडले आणि फुटलेल्या रेडिएटरच्या वाफेने भाजले. पत्नी वाचल्या.

शहरात एकही धोक्याची घंटा वाजली नाही. इशारा केंद्रातल्या बॅटऱ्यांच्या काचेच्या बरण्या बहुतेक सगळ्या फुटल्या होत्या. जवानांनी हायड्रंट उघडले, तर त्यांतून नुसता चिखल, नाहीतर काहीच नाही. तलावांकडून येणारे मोठे नळ तुटले होते आणि शहरातले नळही सुमारे ३०० ठिकाणी फुटले होते. उरलेसुरले जुने हौद दोन डझनही नव्हते. जिथे पाणी मिळाले तिथे त्यांनी काम दिले. मग सुरुंग लावून आगीपुढची घरे पाडण्याचा सपाटा सुरू झाला. ते काम नवख्या हातांनी झाले आणि काही ठिकाणी नव्या आगी त्यातूनच पेटल्या. सुलिव्हन पायांवर असते तर शहर वाचले असते, असे म्हणता येणार नाही. कोरड्या नळापुढे तेही हतबल झाले असते. पण अशा दिवसाचा विचार वर्षानुवर्षे केलेला माणूस पहिल्याच मिनिटाला पडला, ही हानी मोठी होती.

आग तीन दिवस चालली. सुमारे २८,००० इमारती गेल्या, दोन लाखांहून अधिक लोक उघड्यावर आले. मृतांचा आजचा अंदाज ३,००० च्या पुढे जातो. सुलिव्हन यांना शेवटी प्रेसिडिओच्या लष्करी इस्पितळात हलवले होते. २२ एप्रिलला, आग विझल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी तिथे प्राण सोडला.

त्यांनी मागितलेले पैसे १९०८ साली कर्जरोख्यांतून मिळाले. १९१३ पर्यंत ट्विन पीक्स टेकडीवर सुमारे चार कोटी लिटरांचा जलाशय, खाली दोन टाक्या, खाडीचे पाणी खेचणारी दोन पंपगृहे, जाड नळांचे जाळे आणि नवे हौद उभे राहिले. आज हौदांची संख्या १७० च्या वर आहे. १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात या जाळ्यातलेही काही नळ फुटले आणि मरीना भागात आग भडकली. तेव्हा ‘फिनिक्स’ या अग्निशमन नौकेने खाडीचे पाणी उपसून किनाऱ्यावरच्या होजपाइपांत सोडले आणि आग आटोक्यात आली.

बुश स्ट्रीटवरच ८७० क्रमांकाला सुलिव्हन यांच्या स्मरणार्थ एक घर बांधले गेले. शहराच्या अग्निशमन प्रमुखाचे निवासस्थान म्हणून ते बांधले असून त्याला त्यांचेच नाव आहे.