एक भूमिका, अनेक नट



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी ‘एक भूमिका, अनेक नट’ एवढेच कळविले होते. त्यावरून पुष्कळांची अशी समजूत झालेली दिसते, की आज नाट्यसंगीतावर काही ऐकावयास मिळेल. संगीत नाटक येईल. पण ते वाटेत येईल. आरंभ मी करणार आहे तो एका इंग्रजी दूरदर्शन-मालिकेपासून, आणि तीही अंतराळातल्या राक्षसांनी व कालप्रवासाने भरलेली. असला विषय या व्यासपीठावर कसा, असे कोणास वाटेल. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो चार प्रकारच्या विषयांवर चार माणसांनी एकत्र बसून विचार करावा म्हणून. तेव्हा माझा हा अपराध आपण पोटात घालाल अशी आशा आहे.

झाले असे, की गेल्या दिवाळीत माझा पुतण्या सहकुटुंब जालन्यास आला होता. सतरा-अठरा वर्षे झाली, तो इंग्लंडात असतो. त्याची मुलगी बारा वर्षांची. एके रात्री जेवणे आटोपल्यावर बापलेकींत अशी काही जुंपली, की आम्ही म्हातारी माणसे ओसरीवरून उठून आत आलो. वादाचा विषय काय, तर ‘डॉक्टर हू’ या मालिकेतला खरा डॉक्टर कोणता? बाप म्हणे, डेव्हिड टेनंट. त्याच्यामागून आले ते सगळे नुसते नावाचे. मुलगी म्हणे, जोडी व्हिटाकर. आणि ज्यांना ती आवडत नाही त्यांनी मालिका पाहू नये! आमच्या सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, “अहो, एका डॉक्टरासाठी एवढे भांडण कशाला? आपल्या गल्लीतच चार आहेत.” सगळे हसले आणि वाद तेवढ्यापुरता मिटला. पण माझ्या मनातून तो गेला नाही. कारण हे भांडण मी पूर्वी कोठेतरी ऐकले आहे, असे मला राहून राहून वाटत होते.

आता ही मालिका काय आहे ते थोडक्यात सांगतो. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बीबीसीने तिचा पहिला भाग दाखविला. त्या दिवशी लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते, म्हणून पुढच्या आठवड्यात तो पुन्हा दाखवावा लागला. मालिकेची निर्माती व्हेरिटी लँबर्ट ही तरुण बाई. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा लखनौस जन्मलेला, अवघ्या चोविशीचा मुलगा. तेव्हा या मालिकेच्या बारशाला आपल्याकडचाही एक माणूस हजर होता म्हणावयाचे. नायक म्हणजे परग्रहावरून आलेला एक प्रवासी. त्याला सारे ‘डॉक्टर’ म्हणतात, त्याचे खरे नाव कोणास ठाऊक नाही. त्याचे वाहन म्हणजे लंडनच्या रस्त्यावर पूर्वी असे तसली निळी पोलीस-पेटी. बाहेरून कपाटाएवढी, आत गेल्यावर वाड्याहून मोठी. तीत बसून तो भूतकाळात जातो, भविष्यात जातो, आणि संकटात सापडलेल्यांस सोडवितो.

पहिला डॉक्टर झाला विल्यम हार्टनेल. तीन वर्षांत त्याची प्रकृती खालावली. आता मालिका बंद करावी, की नट बदलावा? आणि बदलावा तर लोकांस सांगावे काय? मालिकावाल्यांनी युक्ती काढली ती अशी, की डॉक्टर हा मनुष्य नाही. त्याचे शरीर जीर्ण झाले म्हणजे तो मरत नाही, त्याचा कायापालट होतो. देह नवा, स्वभावही थोडा निराळा; पण माणूस तोच. १९६६ साली हार्टनेल जमिनीवर कोसळला आणि उठला तो पॅट्रिक ट्रॉटन. आत्मा जुनी वस्त्रे टाकून नवी नेसतो हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात वाचलेल्या आपल्या समाजास यात नवल वाटू नये. पुढे असे कायापालट इतके झाले, की दशावतारांची संख्या केव्हाच मागे पडली. १९८९ मध्ये मालिका बंद पडली, १९९६ मध्ये एका चित्रपटापुरती डोकावली, आणि २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१७ मध्ये जाहीर झाले, की यापुढचा डॉक्टर स्त्री असेल. ती ही जोडी व्हिटाकर. २०२३ मध्ये रवांडात जन्मलेला शूटी गात्वा हा कृष्णवर्णी नट डॉक्टर झाला आणि २०२५ मध्ये त्यानेही निरोप घेतला. प्रत्येक पालटाच्या वेळी प्रेक्षकांत दोन तट पडले. एक म्हणे, आता मजा आली. दुसरा म्हणे, आता संपले.

हे भांडण मी पूर्वी कोठे ऐकले होते, ते मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले. आमच्याच घरात! माझे आजोबा आणि वडील यांच्यात.

‘संगीत सौभद्र’ रंगभूमीवर आले १८८२ साली. त्यातली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी गाजविली. भाऊराव १९०१ मध्ये वारले. १९०५ मध्ये नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले, आणि पुढे महाराष्ट्राची सुभद्रा तेच झाले. आजोबांनी भाऊरावांना प्रत्यक्ष ऐकले नव्हते. आपल्या थोरल्या भावाकडून त्यांचे वर्णन तेवढे ऐकले होते. तरी बालगंधर्वांचे नाव निघाले, की ते म्हणत, “ठीक आहे, पण भाऊराव ते भाऊराव.” माझे वडील बालगंधर्वांचे भक्त. पुढे हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीने १९२९ पासून स्त्रीभूमिका स्त्रियांकडूनच करविल्या; १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकानेही तेच केले. त्यावर माझ्या वडिलांचे मत काय? तर, “बाईने बाई होण्यात कसली आली कला?” श्रोतेहो, गंमत पाहा. तिकडे पुरुषाच्या जागी स्त्री आली म्हणून लोक रागावले; इकडे स्त्रीच्या भूमिकेत प्रत्यक्ष स्त्री आली म्हणून रागावले! तेव्हा रागाचे कारण स्त्री किंवा पुरुष एवढ्यापुरते नसावे. ते आणखी खोल कोठेतरी असले पाहिजे.

मला या दुफळीची तीन कारणे दिसतात.

पहिले कारण प्रथम दर्शनाचे. माझा पुतण्या इंग्लंडात गेला तेव्हा तो एकटा होता, थंडीने आणि परकेपणाने गांजलेला होता. शनिवारी संध्याकाळी खोलीत बसून जो डॉक्टर त्याने पाहिला, तो टेनंट. त्याच्या मुलीस कळू लागले तेव्हा पडद्यावर होती व्हिटाकर. आपण म्हणतो, मला अमुक नट आवडतो. खरे पाहता त्या नटाबरोबर आपले वय, आपले घर, शेजारी बसलेले माणूस, हे सारे आपण जपून ठेवलेले असते. नवा नट आला म्हणजे या साऱ्यावर कोणी हात टाकला असे वाटते. अशा माणसाला “तुमचे चुकते” म्हणून उपयोग नाही. त्याचे दुःख खरे असते. त्याचा निवाडा मात्र चुकलेला असू शकतो.

दुसरे कारण मूळ कथेत केलेल्या फेरफाराचे. २०२० मध्ये मालिकेने असे दाखविले, की १९६३ चा डॉक्टर हा पहिला नव्हताच. त्याच्याही आधी त्याचे अनेक जन्म होऊन गेले होते व तो ते विसरला आहे. यावर मोठा गदारोळ उठला, आणि माझ्या मते ही तक्रार पहिल्या तक्रारीहून वजनदार आहे. ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदे होती. रात्रभर चालणारे नाटक तीन तासांत बसवायचे म्हणून ती गाळली, तेव्हा जुने रसिक हळहळले. तरी अर्जुनाने सुभद्रेस नेलेच. पदे गाळणे वेगळे, आणि अर्जुन हा अर्जुन नव्हताच असे सांगणे वेगळे. साठ वर्षे ज्या गोष्टीवर लोकांनी विश्वास ठेवला, ती बदलताना हात थोडा कापावयास हवा. लेखकाला स्वातंत्र्य आहे, हे मला मान्य आहे. पण वडिलोपार्जित वाड्यात राहणाऱ्याला जेवढे स्वातंत्र्य असते तेवढेच ते आहे. खिडकी पाडावी, रंग द्यावा. पाया उकरण्यापूर्वी घरातल्यांस विचारावे.

तिसरे कारण उपदेशाचे. अलीकडे ही मालिका फार उपदेश करते, अशी ओरड आहे. २०१८ मध्ये तिच्या एका भागात अमेरिकेतल्या रोझा पार्क्सची कथा आली. दुसऱ्या एका भागात विनय पटेल या लेखकाने १९४७ ची पंजाबची फाळणी आणली. काहींस ते भिडले, काहींस पाठ्यपुस्तकासारखे वाटले. पण उपदेश नवा आहे हे म्हणणे खरे नाही. १९६३ मध्ये डॉक्टरबरोबर पहिल्याच प्रवासाला निघाले होते दोन शाळामास्तर, एक इतिहासाचा आणि एक विज्ञानाचा. कारण मुलांनी काही शिकावे हाच मूळ हेतू होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेले ते लोखंडी ‘डालेक’, आपल्याहून वेगळा दिसेल त्याचा नाश करणारे, हे नाझींवरून घडविलेले होते. आपल्याकडे देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. तिला उपदेश नाही असे कोण म्हणेल? परंतु शारदेचे दुःख आधी दिसते आणि जरठविवाहाचा निषेध मागाहून उमगतो. जेथे माणूस आधी येतो तेथे उपदेश पचतो. जेथे उपदेश आधी येऊन माणसास बोलावून घेतो, तेथे प्रेक्षक चुळबुळ करू लागतो. तेव्हा या वादात दोन्ही बाजूंचे थोडे थोडे खरे आहे.

आता मी स्वतःची एक चूक सांगतो. ती सांगावी म्हणूनच मी हा विषय घेतला. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले. डॉ. श्रीराम लागूंचा बेलवलकर मी पाहिला आणि दोन दिवस मला घास गोड लागला नाही. पुढे ती भूमिका दत्ता भटांनी केली, सतीश दुभाषींनी केली, यशवंत दत्तांनी केली. मित्र तिकीट घेऊन दारात उभे राहत. मी म्हणे, “मी पाहिला आहे तो नटसम्राट. आता दुसरा पाहायचा नाही.” याला मी निष्ठा समजत होतो. आज हे तिघेही नट हयात नाहीत. त्यांचा बेलवलकर कसा होता हे मी आता कोणत्याही किमतीस पाहू शकत नाही. लागूंचे त्यात काही अधिक झाले नाही; माझे मात्र उणे झाले.

पुढे लक्ष्मणराव देशपांडे गेले, २००९ साली. आपल्या मराठवाड्याचा हा माणूस एकटा उभा राहून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मधली पन्नासहून अधिक पात्रे रंगवीत असे. त्यांच्यामागून बीड जिल्ह्यातल्या संदीप पाठकांनी तो प्रयोग करावयास घेतला, तेव्हा माझी जुनी खोड पुन्हा उफाळून आली. पण या वेळी मी गेलो. हाताची घडी घालून बसलो होतो. पहिली दहा मिनिटे लक्ष्मणरावांनाच शोधत होतो. मग केव्हातरी घडी सुटली आणि मी हसू लागलो. लक्ष्मणराव परत आले नाहीत. पण त्यांचे वऱ्हाड पुन्हा निघाले होते, आणि माझ्या शेजारचा एक लहान मुलगा, ज्याने लक्ष्मणरावांना पाहिलेच नव्हते, तो माझ्याहून मोठ्याने हसत होता. त्याचे ते प्रथम दर्शन होते. मला लाभले ते त्याला का लाभू नये?

हे जालना बियाण्यांचे गाव आहे. १९६४ मध्ये येथे संकरित बियाण्यांचा उद्योग उभा राहिला. संकरित ज्वारी आली तेव्हा घरोघर दोन पक्ष पडले, हे आपल्यांतल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. एक म्हणे, उतारा पाहा. दुसरा म्हणे, भाकरीची चव पाहा. दोघेही खरे बोलत होते. ज्यांना चवीची पर्वा होती त्यांनी जुने वाण राखले, म्हणून आज ते मिळते. या मालिकेचेही तसेच आहे. १९६० च्या दशकातले तिचे अनेक भाग बीबीसीने स्वतःच पुसून टाकले. पण चाहत्यांनी घरी बसून ध्वनिफितीवर आवाज टिपून ठेवला होता, म्हणून हरवलेल्या भागांचा निदान आवाज तरी राहिला. आणि २००५ मध्ये मालिका पुन्हा उभी करणारा रसेल डेव्हिस, पुढे डॉक्टर झालेले टेनंट आणि पीटर कपाल्डी, हे सारे लहानपणी तिचे वेडे प्रेक्षक होते. जे भांडतात तेच जपतात आणि तेच पुढे चालवितात. भांडण संपले, की समजावे कोणास काही पडलेले नाही.

म्हणून वडीलधाऱ्यांस माझी विनंती एवढीच आहे, की जुन्याचे गुण अवश्य सांगा, पण नव्याच्या प्रयोगाला जाऊन बसा आणि मग बोला. तरुणांस विनंती ही, की “तुम्ही पाहू नका” असे आम्हांस म्हणू नका. आम्हांला शेजारी बसवून घ्या.

माझी नात परत जाताना मला म्हणाली, “आजोबा, पुढच्या वेळी आपण दोघे मिळून पहिला डॉक्टर पाहू.” मी तिला कबूल केले आहे, आणि त्याच्या बदल्यात ती माझ्याबरोबर ‘सौभद्र’ पाहणार आहे. तिचा बाप आमच्यात बसेल की नाही, हे अद्याप ठरलेले नाही.