चहातली गोळी



धुळ्यात दवाखान्यात बसलं की एक मागणी हमखास होते. नवऱ्याला बाहेरच्या बाकड्यावर बसवून बाई आत येतात, दार लोटतात आणि हळूच म्हणतात, "डॉक्टरसाहेब, चहात टाकता येईल अशी गोळी द्या ना."

गोळी आहे. डायसल्फिराम तिचं नाव. दारू सोडवायला ती वापरावी हे डेन्मार्कच्या डॉक्टरांनी १९४८ साली पुढे आणलं. ती अंगात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. ज्याला काही ठाऊकच नाही तो नेहमीसारखाच पितो, आणि प्रसंग जिवावर बेतू शकतो. बरं, धडा तरी मिळावा? तोही नाही. त्याला वाटतं, भट्टीवाल्यानेच भेसळ केली. उद्या तो दुसरी भट्टी गाठणार. म्हणून ही गोळी चोरून द्यायची नाही. कधीच नाही.

औषधांचं खरं काम त्याही आधी, दारू सोडतानाच सुरू होतं. वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकदम सोडली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भास होतात, फिटही येते. अशा वेळी घरी कोंडून ठेवू नका, दवाखान्यात आणा. तिथे ते दिवस निभावणारी औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देतात. पुढे तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी गोळीही मिळते. पण आखाजीला मेहुण्याने ग्लास पुढे केला तर काय म्हणायचं, हे कुठली गोळी सांगणार? ते समुपदेशक शिकवतो. पगार कोणत्या दिवशी होतो, घरी कोणत्या रस्त्याने जाता, भांडण कशावरून पेटतं, इतकं बारीक तो विचारतो. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हापासून तिथे औषधांच्या जोडीला गप्पा, गट आणि कुटुंबाची साथ आहेच.

गोळीची मर्यादा कोकेनच्या व्यसनात तर आणखी स्पष्ट दिसते. कोकेनच्या बातम्या आपण मुंबईच्या वाचतो. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारू घेणारे १४.६ टक्के निघाले, कोकेनवाले ०.१०. त्या व्यसनावर तर मान्यताप्राप्त गोळी अजून नाहीच. डायसल्फिराम तिथेही वापरून पाहिली, पण ठाम उत्तर मिळालं नाही. तिथे सगळी भिस्त समुपदेशनावर.

तेव्हा चहा साधाच द्या, आणि नवऱ्याला सोबत घेऊन या. आधी नुसतं विचारायचं असेल, तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १४४४६. फोनला पैसे पडत नाहीत.