तिवरं कोणाच्या ताब्यात?

धरमतर खाडीकाठच्या बचतगटातल्या आम्ही काही जणी आज तिवरांबद्दल बोलणार आहोत. तिवरं का राखायची, हे खारेपाटात कोणाला सांगावं लागत नाही. उधाणाच्या लाटेचा जोर बांधाआधी कोण मोडतं, चिंबोऱ्या आणि निवट्या कुठे वाढतात, ते आपल्या पोरींनाही ठाऊक आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. तिवरांवर कुऱ्हाड पडली, तर जायचं कोणत्या ऑफिसात?

पूर्वी सरकारी खाजण म्हटलं की तलाठी नि तहसीलदार. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला, की तिवरांची तोड बंद, भोवतीच्या ५० मीटरांत भराव आणि बांधकाम बंद, आणि सरकारी जमिनीवरची तिवरं वन म्हणून जाहीर करून वन खात्याकडे सोपवा. २०१८ च्या निकालातही न्यायालयाने हेच धरून ठेवलं. वन खात्यात आधी हे काम नेहमीच्या प्रादेशिक विभागांकडे होतं. त्यांची सवय डोंगरातल्या सागाची, चिखलात उतरायची नाही. मग २०१२ साली खास कांदळवन कक्ष निघाला. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, तेही याच कक्षाकडे. तिथे वन कायद्याच्या जोडीला वन्यजीव कायदाही आला.

काम असं एका ऑफिसातून दुसऱ्याकडे जातं, ते वाईट नाही. चिखल ओळखणारी माणसं हवीतच. पण आदेशाने काम हलतं तितक्या लवकर जमीन हलत नाही. जागा मोजायची, हद्द ठरवायची, ताबा द्यायचा आणि घ्यायचा, सातबाऱ्यावर नोंद करायची. यातली एक पायरी राहिली, की झाड एका खात्याचं आणि जमीन दुसऱ्याची.

आमच्या खाडीच्या तोंडाशी रात्री डंपर येऊन भराव टाकत होते. आम्ही अर्ज दिला. एका ऑफिसात सांगितलं, "तिवरं आता आमच्याकडे नाहीत." दुसऱ्यात सांगितलं, "जमिनीचा ताबा अजून आम्हाला मिळालेला नाही." अर्ज दोन महिने इकडून तिकडे फिरला. तोवर भरावावर रानगवत उगवलं आणि आमची कालवं काढायची वाट बुजली.

आता आम्ही अर्ज कसा करतो, ते ऐका. नुसतं "खाडीत तोड चालू आहे" असं लिहीत नाही. गट नंबर लिहितो, फोटो तारखेसकट जोडतो आणि एकच अर्ज दोन्ही ऑफिसांना देऊन दोन्हीकडून पोच घेतो. शिवाय माहिती अधिकारात एवढंच विचारतो, की या गट नंबरचा ताबा कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला दिला? उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. ती तारीख हातात आली, की "आमच्याकडे नाही" म्हणणं अवघड होतं. तोड डोळ्यांसमोर चालू असेल तर वन खात्याचा १९२६ हा नंबर आहे, तो लावा.

खरा गुंता बांधाचा आहे. आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी बांध जोळ राखायचा. खांड गेली की घरटी एक माणूस टोपली-फावडं घेऊन बाहेर. पुढे खारभूमीचा कायदा आला, सरकारी योजनेतले बांध खारभूमीच्या कार्यालयाकडे गेले आणि जोळ हळूहळू मोडली. आता खांड गेली, वेळेवर बुजली नाही, तर खारं पाणी भातात शिरतं. दोन-चार वर्षांत शेतात तिवरं उगवतात. आणि तिवरं उगवली, की ती खासगी जमिनीतली असली तरी तोडता येत नाहीत. बांध एका खात्याचा, झाडं दुसऱ्याची, सातबारा तिसऱ्याकडे आणि भात नाही ती चूल आपली. तिवरांनी शेत घेतलं असं लोक म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. शेत खांडीने घेतलं, तिवरं नंतर आली. म्हणून खांड गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी तलाठ्याकडे पंचनाम्याची लेखी मागणी करा. शेत आधी शेत होतं, हे पुढे तोच कागद सांगेल.

आता बायकांचं. जमीन राखीव वन करायची असेल, तर वन कायद्यात आधी जाहीरनामा काढावा लागतो आणि हक्क सांगायला निदान तीन महिने द्यावे लागतात. संरक्षित वनातही लोकांचे हक्क तपासून नोंदवायचे असतात. पण नोंदवणार कोणाचे? होडी आणि जाळं पुरुषाच्या नावावर. ओहोटीला कमरेइतक्या चिखलात उतरून शिंपल्या, कालवं काढतो आपण, आणि त्याचा कागद कुठेच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात मासळी आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. आदिवासी नसलेल्यांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वहिवाटीचा पुरावा लागतो. गावातल्या म्हाताऱ्या बायांचे जबाबही त्यात चालतात. त्या आहेत तोवर ते लिहून घ्यायला हवेत.

किनाऱ्याच्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते. तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी हवेत. आपल्या जिल्ह्यात ते तिघे कोण, आणि त्यांत चिखलात उतरणारी एखादी बाई आहे का, हे आम्ही येत्या ग्रामसभेत विचारणार आहोत. सभेच्या दिवशी ओहोटी दुपारी दोननंतर आहे. सकाळचं काम आटपून या.