फीच्या आधीचा खर्च



मुलींच्या शिक्षणावर चार शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली. मुलींनी शिकावे हे आपल्या नगरला नव्याने सांगायला नको. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचे शिक्षण घ्यायला इथेच मिस फरार यांच्याकडे आल्या होत्या. तेव्हा त्यावर वेळ न घालवता मी पैशांवर बोलते. कॉलेजची फी पत्रकात छापलेली असते. जो खर्च कुठेच छापलेला नसतो, तो तिच्या आधी दारात उभा राहतो.

जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातील मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी व परीक्षा फी माफ केली. चांगलेच झाले. पण आमच्या आळीत सगळ्यांना वाटले, पोरीचे शिक्षणच फुकट झाले! खानावळ, खोलीभाडे, पुस्तके राहिलीच की. शिवाय प्रवेशपरीक्षा. २०२५ साली सीईटीच्या एका गटाला खुल्या वर्गातून एक हजार आणि राखीव वर्गातून आठशे रुपये पडले. दोन्ही गट दिले की दुप्पट. नीटला खुल्या वर्गासाठी सतराशे, ओबीसीला सोळाशे. मुलगी हुशार म्हणून सगळीकडे नाव घालावे, तर महिन्याचा किराणा गेलाच.

खरी दमछाक होते ती दाखल्यांपायी. जातवैधतेसाठी ओबीसी घराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला उतारा. तो मूळ गावी. जुनी नोंद मोडीत निघाली, तर वाचणारा शोधा आणि त्याला पैसे द्या. अकोले तालुक्यातल्या माणसाला नगर शंभर किलोमीटरच्या वर. एक कागद कमी पडला की पुन्हा फेरी. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धे तिकीट आहे खरे, पण बरोबर येणाऱ्या बापाला पूर्ण, आणि त्याचा बुडालेला रोज कोणत्या रकान्यात लिहायचा?

आमच्या ओळखीच्या एका मुलीची वैधता मुदतीत आली नाही. राखीव जागा गेली. आईने पोत गहाण ठेवून दुसरीकडे पैसे भरायची तयारी केली, पण तोवर तिथल्या जागा भरल्या होत्या. मुलगी आता बी.ए. करते. बी.ए. वाईट नव्हे, पण तिला नर्स व्हायचे होते.

काही खर्च मात्र आपण अज्ञानापायी करतो. उत्पन्नाच्या वा जातीच्या दाखल्याच्या प्रतिज्ञापत्राला पाचशेचा स्टॅम्प लागत नाही, हे सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले आहे. कोणी मागितला तर तसे तोंडावर सांगा. मूळ दाखले तपासून परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली कॉलेजांना बजावले आहे. ते अडकले म्हणजे मुलगी दुसरीकडे जाऊच शकत नाही.

माझी सूचना एवढीच, की वैधतेचे काम बारावीच्या निकालापर्यंत ठेवू नये. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करावा. आणि आपल्या भिशीतून दरमहा थोडी रक्कम या कामासाठी वेगळी ठेवावी, ज्या घराला निकड असेल त्याला बिनव्याजी द्यावी. कोणाचे काही म्हणणे असेल तर आजच बोला. येत्या मंगळवारी दुपारी मुलीचे, तिच्या वडिलांचे आणि आजोबांचे जे दाखले घरात असतील ते घेऊन या. कोणता कागद कमी आहे, ते एकत्र बसून पाहू.