जाळ्याला जोडलेली पेटी आणि तिचें कुलूप



२०२१ सालच्या जून महिन्यांत, तेवीस व चोवीस तारखांच्या सुमारास, निरनिराळ्या देशांतील अनेक कुटुंबांना एकच अनुभव आला. त्यांच्या घरांतील एका लहानशा पेटींत वर्षानुवर्षें सांठविलेलीं छायाचित्रें, पत्रें, हिशेब, मुलांच्या बाळपणाचीं चलच्चित्रें, सारें कांहीं नाहींसें झालें. पेटी जागच्या जागीं होती, तिचा दिवा लागत होता. आंत मात्र कांहीं उरलें नव्हतें. घर फुटलें नव्हतें, आग लागली नव्हती, घरांतील कोणीं पेटीला हातहि लावला नव्हता.

ही पेटी म्हणजे काय, तिचें कुलूप कसें असतें आणि तें कशानें निकामी होतें, एवढें आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे. मी या शास्त्राचा पंडित नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर शाळेंत भाषा आणि गणित शिकविलेला माणूस आहें. परंतु हा विषय मला शाळामास्तराच्या आटोक्यांतला वाटतो. कारण या दोषांच्या मुळाशीं अनेकदां एखादें चिन्ह असतें, किंवा वाचावयाची राहिलेली एखादी ओळ.

ती पेटी दिसावयास जाड शब्दकोशासारखी होती, आणि तिचें व्यापारी नांवहि ‘माय बुक लाइव्ह’ असेंच होतें. वेस्टर्न डिजिटल या अमेरिकन कंपनीनें ती २०१० सालीं बाजारांत आणली. तिच्यांत एक ते तीन टेराबाइटची हार्ड डिस्क असे. पण नुसती हार्ड डिस्क आणि अशी पेटी यांत मोठा फरक आहे. नुसती डिस्क म्हणजे कपाट. तें आपण उघडावें आणि हवें तें काढावें. या पेटींत कपाटाबरोबर एक कारकूनहि बसविलेला असतो, म्हणजे एक छोटा संगणक. ती राउटरला तारेनें जोडली, कीं घरांतील कोणत्याहि संगणकावरून किंवा मोबाइलवरून त्या कारकुनाकडे मागणी करतां येते. तो फाइल काढून देतो, नवी ठेवून घेतो, सांगितल्यास नष्टहि करतो. राउटरांतून बाहेरची वाट मोकळी असेल, तर मुंबईच्या घरांतील पेटी दुबईहून किंवा लंडनहूनहि उघडतां येते. परगांवीं गेलेल्या मुलाला बहिणीच्या लग्नाचे फोटो घरबसल्या पाहतां येतात. सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं.

मागणी आली, कीं कारकुनानें तीन गोष्टी विचारावयाच्या असतात: तूं कोण, तुला काय हवें, आणि तें मागण्याचा तुला अधिकार आहे काय. हे प्रश्न प्रत्येक वेळीं, प्रत्येक मागणीला, न कंटाळतां विचारले गेले पाहिजेत. शाळेच्या दप्तराची किल्ली कित्येक वर्षें माझ्याकडे असे. ओळखीचा मनुष्य समोर आला, कीं तिसरा प्रश्न विचारतांना जीभ अडखळते, हें मला ठाऊक आहे. यंत्राला असला संकोच नसतो. पण प्रश्न विचारावयास त्याला कोणीं शिकविलेंच नसेल, तर तें बापडें काय करणार!

‘माय बुक लाइव्ह’ला एक आज्ञा अशी होती, कीं ‘सर्व पुसून टाक आणि कारखान्यांतून निघालीस तशी कोरी हो.’ जुनी पेटी दुसऱ्यास देतांना ही उपयोगी पडते, म्हणून ती ठेवणें गैर नव्हतें. ती देणाराचा पासवर्ड तपासणें मात्र अवश्य होतें, आणि तो तपासणाऱ्या पांच ओळी पेटीच्या कर्त्यांनीं लिहिल्याहि होत्या. चौकशींत असें आढळलें, कीं त्या ओळींच्या आरंभीं दोन दोन तिरप्या रेघा ओढलेल्या होत्या. संगणकाच्या भाषेंत अशा रेघांचा अर्थ, ‘ही ओळ तूं वाचूं नकोस, ही माणसासाठीं टीप आहे,’ असा होतो. ओळी पुसलेल्या नव्हत्या, डोळ्यांना दिसत होत्या. यंत्रापुरत्या त्या नव्हत्याच. म्हणून ती आज्ञा इंटरनेटवरून कोणीहि दिली, तरी पेटी मुकाट्यानें कोरी होई.

कंपनीनें पुढें खुलासा केला, तो असा: एप्रिल २०११ मध्यें पासवर्ड तपासण्याचें काम ठिकठिकाणाहून काढून एका जागीं आणण्यांत आलें. अर्थात् जुन्या ओळी बंद केल्या. नव्या जागीं या एका आज्ञेपुरती करावयाची नोंद तेवढी राहून गेली. शाळेंत जुनें हजेरीपुस्तक संपून नवें घालतांना एखाद्या मुलाचें नांव उतरवावयाचें राहतें, तशांतलाच हा प्रकार. पण हजेरीच्या वेळीं तो मुलगा उभा राहून ‘गुरुजी, माझें नांव?’ म्हणून ओरडतो. येथें ओरडणारें कोणी नव्हतें. ती उणीव दहा वर्षें तशीच पडून राहिली.

याच पेटीला आणखी एक भगदाड होतें, आणि तें २०१८ सालींच उघडकीस आलें होतें. पेटीनें कोणत्या भाषेंत बोलावें, हें ठरविण्याची तींत सोय होती. भाषेच्या नांवाच्या जागीं कोणी यंत्राची आज्ञाच लिहून पाठविली, तर पेटी ती सर्वोच्च अधिकारानें पार पाडी. सुरक्षिततेच्या अभ्यासकांनीं हें दाखवून दिलें, तेव्हां कंपनीची भूमिका अशी होती, कीं या पेटीला शेवटची सुधारणा २०१५ सालीं दिली असून आतां तिची देखभाल बंद झाली आहे. २०२१ च्या चौकशींत या दोन्ही वाटांचा उपयोग झालेला दिसला. गंमत अशी, कीं कांहीं पेट्यांत आधीं शिरलेल्या चोरांनीं भाषेच्या त्या भगदाडाला स्वतःचा पासवर्ड लावून ठेवला होता; दुसरा चोर आंत येऊं नये म्हणून! त्यावरून एका अभ्यासकानें असा तर्क केला, कीं चोरांच्या आपसांतील वैरांतून कोणी तरी सगळ्या पेट्या पुसून टाकल्या असाव्या. हा तर्कच आहे. सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. खरें असेल तर दोघा उपटसुंभांच्या भांडणांत लोकांच्या आयुष्याचीं छायाचित्रें गेलीं, असें म्हणावें लागेल.

‘देखभाल बंद’ हे दोन शब्द मला फार खटकतात. आपल्याकडे शिवणयंत्र आजीकडून नातीकडे येतें. चालणारी वस्तु चालते तोंवर वापरावी, ही आपली रीत. गिऱ्हाइकाला पेटी स्वतः होऊन कांहीं सांगत नाहीं. दिवा काल लागत होता तसाच आजहि लागतो. कंपनीनें जुलै २०२१ पासून गेलेला मजकूर परत मिळविण्यासाठीं मदत देऊं केली, नव्या पेटीच्या खरेदींत सवलतहि दिली, हें न्यायाला धरून सांगितलें पाहिजे. पण २०१८ सालीं धोका कळल्यावर जी दवंडी पिटावयास हवी होती, ती पुरेशी पिटली गेली असें मला वाटत नाहीं. २०२४ च्या एप्रिलमध्यें डी-लिंक कंपनीच्या जुन्या पेट्यांत याहूनहि साधा दोष निघाला: आंत एक कायमचें खातें होतें, आणि त्याचा पासवर्ड रिकामा होता. तेथेंहि उत्तर तेंच. पेट्या जुन्या झाल्या, दुरुस्ती मिळणार नाहीं, त्या बदला.

आतां दोषाचा एक निराळा प्रकार सांगतों. तो वाटेचा आहे. संगणकांत फाइलचा पत्ता लिहितांना एका फोल्डरांतून दुसऱ्यांत जाण्याची खूण म्हणजे एक तिरपी रेघ. दोन टिंबें लागोपाठ दिलीं, कीं ‘एक पायरी वर चढ’ असा अर्थ होतो. समजा, पाहुण्याला फक्त ‘फोटो’ या फोल्डरांतील वस्तु द्याव्या, असें कारकुनाला सांगितलें आहे. पाहुणा म्हणतो, ‘फोटो या खणापाशीं जा, तेथून एक पायरी वर चढ, आणखी एक चढ, आणि तेथील पासवर्डांची वही मला दे.’ मागणीच्या आरंभीं ‘फोटो’ हा शब्द आहे एवढेंच पाहून कारकून उठला, तर वही पाहुण्याच्या हातीं गेलीच.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘पाहा’ची चिठ्ठी. ग्रंथालयाच्या सूचींत ‘अमुक नांव पाहा’ असें कार्ड असतें, तशी चिठ्ठी फाइलींतहि ठेवतां येते. अशा बहुसंख्य पेट्यांतील कारकुनाचें नांव सांबा. अँड्र्यू ट्रिजेल यानें १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील कॅनबेरा येथें विद्यार्थिदशेंत हा प्रोग्रॅम लिहिण्यास आरंभ केला. एस, एम आणि बी हीं अक्षरें या क्रमानें कोणत्या शब्दांत येतात, हें संगणकावरील शब्दयादींत शोधून त्यानें हें नांव काढलें. भाषेच्या मास्तराला ही गोष्ट आवडल्यावांचून राहत नाहीं. २०१० सालीं असें दाखविण्यांत आलें, कीं ज्याला सांबाच्या एका सामायिक फोल्डरांत लिहिण्याची मुभा आहे, तो तेथें बाहेरच्या कपाटाकडे बोट दाखविणारी चिठ्ठी ठेवून तेथील फाइली वाचूं शकतो. त्याला कारण दोन सवलती. एकेकट्या त्या निरुपद्रवी, एकत्र आल्या कीं घातक. सांबाच्या कर्त्यांनीं दोन्ही एकदम चालूं राहणार नाहींत, असा बंदोबस्त केला. मे २०१७ मध्यें याहून गंभीर दोष निघाला: सामायिक फोल्डरांत ठेवलेली परकी फाइल पेटीकडून चालवून घेतां येत होती. त्याची दुरुस्ती आश्चर्य वाटावें इतकी लहान होती. त्या विशिष्ट जागीं येणाऱ्या नांवांत तिरपी रेघ असेल तर तें नाकारावें, बस्स.

एप्रिल २०२१ मध्यें क्यूनॅप या तैवानी कंपनीच्या पेट्यांवर जो हल्ला झाला, त्यांत मजकूर पुसला नाहीं. पासवर्ड घालून बंद केला, आणि किल्लीसाठीं ०.०१ बिटकॉइनची मागणी केली. चोर ज्या वाटांनीं आंत आले त्यांतील एक वाट बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅममधूनच होती. त्यांत कर्त्यांनीं कायमचा गुप्त परवाना ठेवून दिलेला होता. वैद्यानेंच घरांत रोग आणावा, तसें हें.

आमच्या लहानशा वाचनालयांत सभांचीं जुनीं इतिवृत्तें आणि जीर्ण मासिकांचीं स्कॅन केलेलीं पानें अशाच एका पेटींत ठेविलेलीं आहेत. समितींतील तरुण मंडळींचा आग्रह, कीं ती बाहेरगांवच्या सभासदांना घरून उघडतां यावी. यावर दोन बैठका झाल्या, थोडी बाचाबाचीहि झाली. शेवटीं राउटरांतील बाहेरची वाट बंद ठेवावी, पेटीबरोबर आलेला पासवर्ड बदलावा, आणि अपडेट निघेल तसा घ्यावा असें ठरलें. बाहेरगांवच्या सभासदास हवें तें पान ग्रंथपालानें पाठवावें. महिन्याच्या पहिल्या रविवारीं सर्व मजकुराची एक प्रत साध्या हार्ड डिस्कवर उतरते. काम झालें कीं ती डिस्क तारेपासून सोडवून खजिनदारांच्या घरीं कपाटांत जाते. ती कोणत्याहि जाळ्याला जोडलेली नसल्यामुळें तिला कारकूनच नाहीं. जडसंग्रहाच्या नोंदवहींत वस्तु, किंमत आणि खरेदीची तारीख असे तीन रकाने पूर्वींपासून होते. आतां चौथा आंखून घेतला आहे: ‘कंपनीची देखभाल कोणत्या तारखेपर्यंत.’ पेटीपुढें ती तारीख लिहून झाली. राउटरपुढची अद्याप कंपनीकडून यावयाची आहे.